पाच हजारांचा गेम विकत घेण्याआधी खेळून बघता येतो का?

तुम्ही लिहिलंय की डिस्कवाला पीएस5 (सोनीचं प्लेस्टेशन 5 हे गेम खेळायचं यंत्र) घेतला आहे, मुलगा सातवीत आहे, तीन नवे गेम घेऊन झाले आणि त्यातले दोन आठवड्याभरात कपाटात गेले. आता तो चौथा मागतोय. घेण्याआधी खेळून बघायची काही सोय आहे का, हा तुमचा प्रश्न.

आहे. आणि डिस्कवाला पीएस5 घेतलात हे फार बरं केलंत, कारण त्याने तुमच्या हातात एक जास्तीचा रस्ता राहिला आहे. त्यावर पुढे येतो.

सगळ्यात आधी एक सावधगिरी. मुलाचे मित्र सांगतील, "घेऊन बघ, नाही आवडला तर पैसे परत मिळतात." ते पीसीवरच्या स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचं खरं आहे. तिथे 2015 पासून नियम आहे: खरेदीला चौदा दिवस झाले नसतील आणि गेम दोन तासांपेक्षा कमी चालला असेल तर पैसे परत मागता येतात. (हे दोन तास गेम उघडल्यापासून मोजतात. काही गेममध्ये पात्राचं नाक-डोळे ठरवण्यातच अर्धा तास जातो, तोही धरला जातो.) प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानात तसं नाही. चौदा दिवसांची मुदत तिथेही आहे, पण डाउनलोड सुरू झालं की गेममध्येच बिघाड असल्याशिवाय पैसे परत मिळत नाहीत. म्हणजे खेळून बघून परत करणं तुमच्या यंत्रावर होत नाही. आगाऊ नोंदणी केली असेल तर आपोआप डाउनलोड होण्याची खूण काढून ठेवा.

मग काय करायचं? त्याच ऑनलाइन दुकानात त्या गेमच्या पानावर खरेदीच्या बटणाशेजारी तीन ठिपके असतात, तिथे बघा. डेमो किंवा ट्रायल असेल तर तिथे दिसते. डेमो म्हणजे गेममधून कापून दिलेला तुकडा, तो फुकट असतो. ट्रायल म्हणजे पूर्ण गेम ठरावीक वेळ खेळायला देणं, ती बहुतेक वेळा वर्गणीत येते: आपल्याकडे प्लेस्टेशन प्लसची जी सर्वात वरची डीलक्स वर्गणी आहे, तिच्यात निवडक गेम साधारण दोन तास खेळायला मिळतात. मुलाला फुटबॉलचा गेम हवा असेल तर एक महिन्यापुरती ईए प्ले, म्हणजे ईए या गेम बनवणाऱ्या कंपनीची वर्गणी, घ्या. त्यांचे नवे गेम निघाले की वर्गणीदारांना दहा तास खेळायला देतात. दहा तासांत सातवीतल्या मुलाचं मन भरतं की वाढतं, हे स्वच्छ कळतं.

डेमोबद्दल मला आतून वाटतं ते सांगतो. मी पुण्यात वाढलो. 'डिजिट'सारख्या कॉम्प्युटर मासिकांबरोबर सीडी यायची आणि तिच्यात डेमो असायचे. गाड्यांच्या शर्यतीच्या एका डेमोत एकच रस्ता होता. त्याची वळणं मला शाळेच्या रस्त्यापेक्षा पाठ होती. पुढे पूर्ण गेम मिळाला आणि चार दिवसांत सुटला, कारण बनवणाऱ्यांनी सर्वात चांगला रस्ता डेमोतच घातला होता. तेव्हापासून मी डेमो कुठून कापलाय ते बघतो. 1993 साली डूम या गोळीबाराच्या गेमवाल्यांनी पहिला अख्खा भाग, नऊ लेव्हल, फुकट वाटला आणि पुढच्याचे पैसे घेतले. अलीकडे ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन एस या गेमचा डेमो दहा तासांच्या आसपास चालतो आणि तिथवरचा खेळ विकत घेतल्यावर पुढे सुरू राहतो. सुरुवातीपासून सलग दिलेला असा डेमो विश्वासाचा. मधलाच झगमगता तुकडा असेल तर त्यावरून फक्त हात बसतो का एवढंच ठरवा.

आणि एवढंही पुष्कळ असतं. माझ्या भाच्याला आम्ही वाढदिवसाला चार हजारांचा सीलबंद गेम दिला होता, पात्राच्या डोळ्यांतून बघत खेळायचा. वीस मिनिटांत त्याच्या कपाळावर घाम आला, त्याने कंट्रोलर सतरंजीवर ठेवला आणि डोळे मिटून आडवा झाला. गरगरायला लागलं होतं. गेम उत्तम होता, पण त्याला तो कधीच खेळता आला नाही. अर्ध्या तासाच्या डेमोत हे आधीच कळलं असतं.

म्हणून पहिला तास तुम्ही स्वतः शेजारी बसा. पडद्याकडे कमी आणि मुलाकडे जास्त बघा. तिसऱ्यांदा हरल्यावर तो आपणहून पुन्हा सुरू करतो की मोबाइल शोधतो? मला या एका गोष्टीइतकं दुसऱ्या कशातूनच कळलेलं नाही.

आता डिस्कचा रस्ता. भाड्याने डिस्क देणारी दुकानं काही शहरांत आहेत: अनामत ठेवायची आणि आठवड्याचं भाडं द्यायचं. तुमच्या गावात नसेल तर जुनी डिस्क घ्या, खेळून झाली की विका. पंधरा-वीस दिवसांत विकली तर मधले थोडेसेच पैसे जातात, आणि मी तेच भाडं धरतो. घेताना डिस्क उजेडात तिरकी धरून बघा. मधून कडेकडे गेलेला बारीक ओरखडा सहसा त्रास देत नाही, गोल फिरलेला ओरखडा असेल तर दुकानातच चालवून दाखवायला सांगा. पुसताना मऊ कापडाने मधून बाहेर पुसायची, गोल गोल नाही. खोक्यातले जास्तीच्या गोष्टींचे एकदाच चालणारे कोड आधीच्याने वापरलेले असणार, त्यांचे पैसे देऊ नका.

एक मात्र कृपा करून करू नका. "डिस्क कशाला, गेम घेतलेलं आमचं अकाउंट तुमच्या यंत्रावर टाकून देतो, महिन्याला इतके" असं सांगणारे भेटतील. ते प्लेस्टेशनच्या नियमांत बसत नाही. पासवर्ड त्यांच्याकडे राहतो, त्यांनी तो बदलला की गेम गेला, आणि कारवाई झाली तर मुलाच्या यंत्रावर येऊ शकते. पाचशे रुपये वाचवायला जाऊन हे विकत घेऊ नका.

मुलाला कोणता गेम हवाय ते तुम्ही लिहिलेलं नाही. नाव कळवलंत तर त्याचा डेमो आहे का आणि तो कुठून कापलाय, हे बघून सांगतो.