राउटरचे सुरक्षा अपडेट कंपनीने बंद केले. ग्राहकाने नेमकं काय करायचं?

असं विचारलं की 'नवा घ्या' हे उत्तर तयारच असतं. मला ते अजिबात पटत नाही. हार्डवेअर धडधाकट असलेला डबा केवळ सॉफ्टवेअरपायी भंगारात का काढायचा? आणि नव्याला अपडेट कधीपर्यंत मिळणार, हे तरी कोण सांगतंय?

आधी कंपनीकडे सोर्स कोड, म्हणजे राउटरमधल्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली, मागा; तो हाती असला तर कंपनीशिवायही कुणी दुरुस्ती करू शकतं. बहुतेक घरगुती राउटरच्या पोटात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि बिझीबॉक्स हा छोट्या कमांडचा संच असतो, दोन्ही जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली. कोड सोबत दिला नसेल, तर तो देण्याची किमान ३ वर्षं वैध राहणारी लेखी हमी द्यावी लागते. पैसे घ्यायचेच तर प्रत पोचवण्याच्या खर्चापुरतेच.

पत्रात मॉडेल, तळाच्या लेबलवरची हार्डवेअर आवृत्ती, फर्मवेअरचा (राउटरमधल्या सॉफ्टवेअरचा) पूर्ण क्रमांक लिहा आणि 'कॉन्फिग फाइल, पॅचेस व बिल्ड स्क्रिप्टसह' हे शब्द घालाच (म्हणजे सेटिंग, कंपनीने केलेले बदल आणि कोडपासून चालणारं फर्मवेअर बनवण्याच्या, म्हणजे बिल्डच्या, सूचना). नाही घातले तर नेटवर कुणालाही मिळणारा मूळ कर्नेल (लिनक्सचा गाभा) गळ्यात मारतात. लायसन्समध्ये बिल्ड आणि इन्स्टॉलेशनच्या स्क्रिप्टचा उल्लेख स्पष्ट आहे, त्यामुळे 'ते गोपनीय आहे' हे उत्तर ऐकून घेऊ नका. आलेला कोड तपासायचा तर फर्मवेअरच्या फाइलवर बिनवॉक हे फाइल उलगडून दाखवणारं टूल चालवा, कर्नेलची आवृत्ती काढा आणि ती कोडमधल्या मेकफाइलच्या (बिल्डच्या सूचनांच्या फाइलच्या) पहिल्या ओळींशी ताडून पाहा. जुळली तरी बिल्ड करून बघा. पुष्कळदा टूलचेनच (बिल्डला लागणारी कंपायलर वगैरे साधनं) दिलेली नसते आणि बिल्ड अर्ध्यावर कोसळतो. वाय-फायचा ड्रायव्हर तर बहुधा बंद बायनरीच, म्हणजे कोड न दिलेली तयार फाइलच, असतो.

'एका ग्राहकाच्या पत्राने काय होतं' म्हणणाऱ्यांसाठी: लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स आहे हे बाहेरच्याच लोकांनी हुडकलं, २००३ मध्ये कंपनीला कोड द्यावा लागला आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त फर्मवेअर उभं राहिलं. २०२१ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या संस्थेने टीव्हीतल्या कोडसाठी विझिओ या टीव्ही कंपनीवर खटला भरला, तोही कॉपीराइटचा मालक म्हणून नव्हे, टीव्ही विकत घेणारा ग्राहक म्हणून. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडायच्या घरगुती उपकरणांना सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील ते जाहीर करणं सक्तीचं आहे. कायदा नसला तरी ती तारीख विक्रेत्याला विचारा. सांगता येत नसेल तर माल परत ठेवा.

राहिला तुमचा राउटर. ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर यादीत मॉडेल आवृत्तीसकट शोधा, कारण नाव तेच ठेवून आतली चिप बदललेली असते. ४ एमबी फ्लॅश किंवा ३२ एमबी रॅम असेल तर नाद सोडा. ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप असेल तरी फार आशा नको. यादीतच नसेल तर दूरस्थ व्यवस्थापन, यूपीएनपी (उपकरणांनी आपोआप पोर्ट उघडणं) आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वाय-फाय जोडणं) बंद करा आणि पुढचा राउटर यादी बघूनच निवडा.

यादीत असेल तर आधी त्याच मॉडेलच्या पानावरची रिकव्हरीची (बिघडलेला राउटर पुन्हा उठवण्याची) पद्धत वाचून ठेवा. कंपनीच्या फर्मवेअरवरून ओपनडब्ल्यूआरटीवर जाताना सहसा 'फॅक्टरी' फाइल लागते, 'सिसअपग्रेड' नंतरच्या अपडेटसाठी. फाइलचा एसएचए-२५६ (फाइल अस्सल आहे का ते तपासायचा आकडा) साइटवरच्याशी जुळवा, लॅन केबलनेच चढवा, मध्ये वीज जाऊ देऊ नका. नव्याने चालू झाल्यावर रूटला (मुख्य खात्याला) पासवर्ड नसतो, तो लगेच लावा.

आणि हो, वॉरंटी बहुधा जाते. अपडेटही यापुढे तुमचे तुम्हालाच चढवावे लागतील. ते जमणार नसेल तर या फंदात पडू नका. दोन वर्षं हात न लावलेलं ओपनडब्ल्यूआरटीही भोकं पडलेलंच असतं.