गोव्यातलं हॉस्पिस चांगलं की वाईट, हे आधी कसं ओळखावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग, चौथी स्टेज, गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजातून) आता घरी न्या म्हणून सांगितलंय. मडगावच्या बाजूला एक हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारी जागा, बघून आलात, छान वाटली. कोणतं मानांकन बघावं, असं विचारलंय. आणि शेवटी एका ओळीत लिहिलंय की बाबांना यातलं काहीच सांगितलेलं नाही.

मानांकनाचं आधी सांगून टाकते. असलं तर चांगलंच आहे, पण मी त्यावरून जागा निवडणार नाही. छान दिसते म्हणून तर मुळीच नाही. मी एकदा तशी निवडलेली आहे.

माझ्या आईला स्तनाचा कर्करोग होता. 2019 चा ऑगस्ट. छातीवरची जखम उघडी पडली होती, उजवा हात सुजून उशीएवढा झाला होता. आमचं मूळ घर फोंड्याकडे, दादा-वहिनी तिथं राहतात. मी लग्न होऊन मडगावात. डॉक्टरांनी केमो बंद केली तेव्हा चवथ (गणेश चतुर्थी) जेमतेम दहा-बारा दिवसांवर आली होती. दादानं मला पडवीच्या टोकाला नेलं आणि हळू आवाजात म्हणाला, "घरात काही झालं तर सुतक येईल. गणपती कसा बसवायचा? चवथ होईपर्यंत कुठं तरी ठेवूया." आई आत खाटेवर होती. तिनं ते ऐकलं की नाही, मला अजून माहीत नाही.

घाई होती म्हणून मी जी पहिली बरी जागा दिसली ती धरली. नाव लिहीत नाही. एसी खोली, खिडकीबाहेर माड, बाहेर बाग, पंधरा दिवसांचे पैसे आगाऊ. मी विचारलं काय? जेवण शाकाहारी मिळेल का, भेटायची वेळ कोणती, रात्री कुणाला सोबत राहता येईल का. दुखायला लागलं तर तुम्ही काय करता, हा एक प्रश्न मी विचारला नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही. आज मला वाटतं, तिथंच उठून यायला हवं होतं.

चवथीला गोव्यात माणूस मिळत नाही हे तुम्हाला सांगायला नको. 2 सप्टेंबरला त्या जागेत अर्ध्याहून अधिक लोक रजेवर होते. मी सोबतीला राहिले होते. रात्री दोनच्या सुमाराला आईनं पलंगाची कड धरली आणि ती कण्हायला लागली. महिने महिने जिनं तोंडातून आवाज काढला नव्हता, ती. पाळीवर एकच मुलगी होती, विशीसुद्धा न गाठलेली. तिचा काही दोष नव्हता, ती माझ्याबरोबर रडत होती. डॉक्टरांना फोन लावला. सलाईनमधून पॅरासिटामॉल द्या, सकाळी येऊन बघतो. मी मॉर्फिनचं, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या अफूपासून केलेल्या औषधाचं, विचारलं. "ते आम्ही ठेवत नाही, त्याला परवानग्या लागतात."

सकाळ सहाला झाली. मधले चार तास मी इथं लिहू शकत नाही.

परवानग्यांचं खरं काय ते नंतर समजून घेतलं. अमली पदार्थांचा कायदा 1985 चा. त्यातल्या शिक्षांच्या धाकानं देशभर रुग्णालयांनी आणि औषधांच्या दुकानांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं होतं. संसदेनं 2014 मध्ये त्यात दुरुस्ती केली. तेव्हापासून पाच खात्यांचे पाच परवाने गोळा करावे लागत नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकांकडून संस्थेला मान्यता मिळाली की ती मॉर्फिन ठेवू शकते, हिशेबाची वही मात्र काटेकोर ठेवावी लागते. म्हणजे 2019 मध्ये परवानग्या लागतात असं म्हणणाऱ्यानं ती एक मान्यता मागितलीच नव्हती. मरणाऱ्या माणसांना ठेवून घेण्यासाठी बाग केली, एसी लावले, आणि दुखण्यावरचं औषध तेवढं ठेवलं नाही. अशा जागेला हॉस्पिस म्हणू नये.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: तोंडानं घ्यायचं मॉर्फिन तुमच्या कपाटात आज आहे का, आणि रात्री दोन वाजता ते कपाट कोण उघडतं? एवढंच विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस रात्रपाळीच्या नर्सचं नाव घेतो की "सगळी सोय आहे" म्हणतो, ते नीट ऐका. बाबांना गिळता येईनासं झालं की तेच औषध कसं देणार, हेही विचारा. कातडीखाली बारीक सुईनं देता येतं. ज्यांना हे काम येतं ते लगेच सांगतात.

4 तारखेला आईला दुसरीकडे हलवलं. गोमेकॉतल्या एका नर्सनं नंबर दिला होता. सिस्टरांची, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींची, जागा. कोणती ते सांगत नाही, तिथल्या माणसांना आवडणार नाही. दादा फोनवर म्हणाला, आमच्या आईला पाद्री-सिस्टरांकडे ठेवणार? लग्न होऊन गेलेल्या बहिणीनं हे ठरवायचं का? मी फोन ठेवला आणि ॲम्ब्युलन्समध्ये बसले.

तिथली वयस्क सिस्टर आल्या आल्या स्टूल ओढून आईच्या डोळ्यांच्या उंचीला बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईला विचारलं, "दुखता? खंय दुखता?" आणि आईनं सांगितलं. एक नव्हे, तीन दुखणी. जखमेची आग, हाताचं ठणकणं, आणि कमरेत रात्रीची कळ. आम्ही मुलं इतके महिने एकच दुखणं धरून बसलो होतो. सिस्टरनं तिन्ही वेगवेगळी लिहून घेतली, प्रत्येकीला दहापैकी किती ते विचारून. मॉर्फिनची पहिली गोळी तासाभरात दिली. मग दर चार तासांनी, घड्याळ बघून, दुखो न दुखो. मध्येच कळ आली तर वेगळी मात्रा, तीही वहीत. आणि त्याच कागदावर पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतंच. कुणी मॉर्फिन लिहिलं आणि त्याबरोबर पोटाचं औषध लिहिलं नाही, तर त्याला हे काम येत नाही असं खुशाल समजा.

जखमेचा वासही मला तिथंच कळला. पहिल्या जागेत त्यावर सुवासिक फवारा मारायचे. आईला वाटायचं आपण सडलो. इथं जखम सलाईननं धुऊन मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाच्या गोळ्या कुटून त्याची पूड वर भुरभुरायचे. स्वस्तातली गोळी. तीन-चार दिवसांत वास इतका कमी झाला की माझा भाचा, दादाचा मुलगा, तिच्या उशाशी बसून मोबाईल दाखवायला लागला. त्याआधी तो दारातूनच परत जायचा, आणि तिला ते कळायचं.

हाच मुलगा गणपती पोचवल्यावर माटोळीतला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छतातला, कांगलां या रानफळांचा एक घोस घेऊन आला. आमच्या घरी माटोळी आईच बांधून घ्यायची, कांगलां नसली तर तिला माटोळी पुरी वाटायची नाही. आईनं घोस हातात घेतला, पण हाताला बळ नव्हतं, खाली पडला. सिस्टरनं तो उचलला, ड्रेसिंगच्या पट्टीचा तुकडा घेतला आणि पलंगाच्या दांड्याला बांधला. भिंतीवर त्यांचा खुरीस (क्रूस), त्याच्याखाली आमच्या माटोळीतली कांगलां. आई गेली त्या दिवसापर्यंत ती कुणी काढली नाहीत. दादा, हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलंच नाहीस.

आई तिथं तेवीस दिवस जगली. पहिले दोन दिवस झोप झोप व्हायची, ते मॉर्फिन सुरू करताना होतं, डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. चौथ्या दिवशी तिनं पेज मागितली, बरोबर चेपणीचं तोर (मिठात मुरवलेली कैरी). आधीच्या जागेत नऊ दिवस डोळे मिटून पडली होती. इथं तिनं वहिनीला कुठल्या डब्यात कुठले दागिने ते सांगितलं, मला लग्नातली एक गोष्ट सांगितली जी मी कधी ऐकली नव्हती. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती. घशात घरघर व्हायला लागली तेव्हा सिस्टरनं मला आधी बाजूला घेऊन सांगितलं की हा आवाज येईल, त्याचा त्रास तिला होत नाही, तुम्हाला होईल. मग कुशीवर वळवलं, इंजेक्शन दिलं. हे आधी येऊन सांगणं माझ्या लेखी कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठं आहे.

बाराव्याला, सगळ्यांसमोर, दादा म्हणाला, "मॉर्फिन देऊन लवकर घालवली." मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. दुखण्याच्या मापानं, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिननं माणूस मरत नाही, मरतो तो आजारानं. आणि दुखणं निवारल्यानं आयुष्य कमी होतं, हेही खरं नाही. 2010 मध्ये बोस्टनमधल्या डॉक्टरांनी नेमका तुमच्या वडिलांसारख्या, फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचारांबरोबर ज्यांना सुरुवातीपासून ही वेदनाशामक सेवा मिळाली, ते इतरांपेक्षा साधारण पावणेतीन महिने जास्त जगले, कमी आक्रमक उपचार घेऊनसुद्धा. तुमच्याही घरात कुणी तरी "मरायला टाकलं" म्हणणार आहे. त्याला हे आत्ताच सांगून ठेवा, बाराव्याची वाट बघू नका.

बाबांना सांगण्याचं. त्यांना माहीत आहे. माझ्या आईला होतं. तुम्ही बघून आलेल्या जागेला विचारा, बाबांनी सरळ विचारलं तर तुम्ही काय सांगाल? "घरचे म्हणतील तसं" असं उत्तर आलं तर मला ते पटणार नाही. चांगली माणसं म्हणतात, त्यांना किती जाणून घ्यायचंय ते आधी त्यांनाच विचारू. शुद्धीत आहेत तोवर, व्हेंटिलेटर हवा की नको हेही त्यांच्या तोंडून येऊ द्या. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये अशा लेखी इच्छापत्राला मान्यता दिली, 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली, आणि गोव्यात उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी 2024 मध्ये स्वतःचं करून सुरुवात केली.

जागांबद्दल: मडगावच्या बाजूलाच बघताय तर लोटलीच्या शांती अवेदना सदनात आधी विचारून या. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीच आहे, पैसे घेत नाहीत. त्याच संस्थेचं वांद्र्याचं हॉस्पिस 1986 सालचं, देशातलं पहिलं. तिथंही माझ्या सांगण्यावर जाऊ नका, वरचे प्रश्न विचारा.

मी डॉक्टर नाही, हे आधी लिहायला हवं होतं. मूत्रपिंडं नीट चालत नसतील तर मॉर्फिन अंगात साठतं, मात्रा बदलावी लागते, ते डॉक्टरांना तपासू द्या. आणि दादाबद्दल मी फार लिहिलं. दोन्ही वेळच्या ॲम्ब्युलन्सचे पैसे त्यानंच भरले, शेवटचे चार दिवस रोज फोंड्याहून येऊन दाराबाहेरच्या बाकावर बसायचा. आत येत नव्हता.

तुमच्या बाबांचं दुखणं माझ्या आईसारखं नसेल, त्यांना बहुधा दम जास्त लागेल. मॉर्फिनची लहान मात्रा दमालाही आराम देते, त्या जागेला हेही माहीत आहे का बघा. तोवर त्यांच्या खोलीत टेबल फॅन नसेल तर आजच आणा आणि वारा तोंडावर लागेल असा ठेवा. छताच्या पंख्यानं तसं होत नाही.