ते माझ्यावरच हसत असतील का?

‘मी आत शिरलो की सगळे हसतात’ ही तक्रार घेऊन बरेच जण माझ्याकडे येतात. त्यातल्या एका तरुणाबद्दल लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

नवी नोकरी. चारचौघं हसताना दिसली की याचे कान तापायचे, मान खाली जायची आणि तो तडक आपल्या टेबलाशी जाऊन बसायचा. डबाही एकटाच खायचा. ‘‘माझ्यावरच हसतात, मॅडम. खात्री आहे माझी.’’

‘‘हसण्याच्या आधी कोण काय बोललं होतं?’’

त्याला सांगता येईना. हसताना ते कुणाकडे बघत होते, तेही ठाऊक नव्हतं. मान खाली असताना दिसणार तरी कसं?

मला वाटतं, खरी गोम इथेच असते. नजर चुकवली की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, पण समोर नेमकं काय घडलं ते पाहायचं राहून जातं आणि ती जागा जुनी भीती भरून काढते. त्याची भीती निराधारही नव्हती. शाळेत मुलं त्याच्या बोलण्याची नक्कल करून खरोखर हसायची. अशा माणसाला कुणी ‘मनावर घेऊ नकोस’ एवढंच सांगून वाटेला लावू नये. त्याला आणखी एकटं वाटतं.

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाने लोकांच्या रोजच्या गप्पांमधले हसण्याचे सुमारे १,२०० प्रसंग टिपले होते. त्यातले जेमतेम १० ते २० टक्के एखाद्या गमतीच्या वाक्यानंतरचे निघाले. बाकीचं हसणं ‘बरं, भेटू मग’ अशा साध्या बोलण्यावरचं. शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता. ‘आपण एकमेकांचे आहोत’ हे जाणवून देण्यासाठी माणसं फार हसतात.

मी त्याला एकच काम दिलं: हसू ऐकू आलं की त्याआधीचं वाक्य लिहून ठेवायचं. पुढच्या भेटीला त्याने वही उघडली. ‘प्रिंटर परत अडकला’, ‘आज पण उशीर’, असलं काहीबाही. त्याचं नाव एकदाच होतं, तेही ‘त्याला विचार, त्याला येतं’ असं.

मग नजरेकडे वळलो. टक लावून बघायचं नाहीच. बोलणारा माणूस विचार करताना नजर बाजूला नेतो आणि वाक्य संपताना पुन्हा समोर आणतो. बहुतेक जण असं करतात. त्यामुळे ऐकताना समोर बघ, बोलताना नजर हलली तर हलू दे, एवढंच ठरवलं. (ऑटिझम असलेल्या अनेकांना नजर भिडवणं त्रासाचं होतं. त्यांच्यावर ही सक्ती करू नये.)

कुचेष्टेचं हसणं असतंच. पुन्हा पुन्हा नक्कल होत असेल, तुम्ही जवळ येताच एकमेकांना खुणावून हसणं थांबत असेल, तर स्पष्ट विचारावं, वरिष्ठांना सांगावं. तिथे सहन करत राहा असं मी कधीच म्हणणार नाही.

हा तरुण आता दोघांसोबत जेवतो. मोठ्या घोळक्यात त्याला अजून जड जातं, त्यावर आमचं काम चालू आहे. मात्र रस्त्यावरचे अनोळखी लोकही आपल्यालाच हसतात अशी पक्की खात्री वाटत असेल किंवा कुणी नसताना हसण्याचे आवाज येत असतील, तर वेळ न घालवता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.