'मांजर' हे आडनाव समजा

राधानगरी तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाईंनी विचारलंय: पँगोलिनला मराठीत 'खवले मांजर' लिहावं की 'खवल्या मांजर'? सोबत वर्गातल्या एका पोराचा प्रश्नही जोडलाय. हे जर मांजर नाही, तर त्याला मांजर म्हणायचं कशाला? नाव बदलायला नको का?

पहिल्याचं उत्तर दोन ओळींत संपतं. दोन्ही रूपं चालतात, पण मला 'खवल्या' आवडतं. टक्कल असलेला टकल्या, ढेरी सुटलेला ढेऱ्या, तसा अंगभर खवले असलेला तो खवल्या. ढाण्या वाघ आणि बिबट्या यांच्या पंगतीत तो शोभतो. 'खवले मांजर' म्हटलं की खवले एकीकडं आणि मांजर दुसरीकडं ठेवल्यासारखं वाटतं.

पोराचा प्रश्न मात्र बसून बोलायचा आहे.

आपल्याकडं गावोगाव पाटील आहेत. बावड्याचे पाटील आणि गडहिंग्लजकडचे पाटील एकमेकांचे कोणी लागतातच असं नाही. पाटीलकी हे काम होतं, कामावरून आडनाव पडलं. मराठीत 'मांजर' हे असंच आडनाव आहे. पाणमांजर, उदमांजर, जवादी मांजर, खवल्या मांजर. आकारानं साधारण बेताचं, बुटक्या पायांचं, लांब शेपटीचं, रात्री दबकत फिरणारं जे काही दिसलं, त्याला आपल्या लोकांनी मांजर म्हटलं. त्यात नात्याचा दावा नव्हताच. खुद्द 'मांजर' हा शब्दही कामावरूनच आलेला. संस्कृत मार्जार, प्राकृतात मंजार, मग मांजर. मुळाशी 'मृज्' म्हणजे पुसणं, स्वच्छ करणं हा धातू सांगतात. दिवसभर अंग चाटत बसणाऱ्या प्राण्याला याहून चांगलं नाव कुठलं?

शास्त्रज्ञांनीही पुष्कळ काळ हेच केलं. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं १७५८ साली आपल्या ग्रंथात स्तनावरून एका अख्ख्या वर्गाला नाव दिलं. आपला 'सस्तन' त्याच बेतावरचा, स्तनांसह असलेला तो सस्तन. त्याच ग्रंथात त्यानं देवमाशांना माशांतून काढून सस्तनांत आणलं, हे त्याचं मोठं काम. पण खवल्याला मात्र त्यानं हत्ती, स्लॉथ आणि दक्षिण अमेरिकेतला मुंगीखाऊ यांच्या पंगतीला बसवलं. पुढं हत्ती उठले, पण खवल्या आणि मुंगीखाऊ 'दंतहीन' म्हणून एकत्रच राहिले. दिसायला बरोबरच होतं म्हणा. दोघांच्याही तोंडात दात नाहीत, जीभ हातभर, पुढच्या पायांना वारूळ फोडायची नखं. काम एक, म्हणून आडनाव एक.

शब्दांच्या बाबतीत आपण अशा ठिकाणी सावध असतो. 'कामाला गेला' मधलं काम हे कर्म, कम्म, काम असं झिजत आलंय. 'काम-क्रोध' मधलं काम संस्कृतातून जसंच्या तसं आलंय. आज दोन्ही अक्षराअक्षरानं सारखे दिसतात, पण एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. खवल्या आणि मुंगीखाऊ ही अशीच दोन 'कामं' आहेत. मुंग्या खाता खाता दोघं वेगवेगळ्या वाटेनं एकाच रूपाला पोचले.

मग खरं नातं कळणार कसं? आपल्या भागात त्याला हेळवी असतो. सुगी झाली की बैल घेऊन दारात यायचा, वही उघडायचा आणि खापरपणजोबापासून सगळी नावं वाचून दाखवायचा. आडनाव काहीही असो, भावकी कुठं फुटली ते वहीत असतं. प्राण्यांच्या पेशीत डीएनए ही तशी वही आहे, आणि तीही पिढ्यान्‌पिढ्या नकलून काढलेली. नक्कल म्हटली की चुका आल्या. कुणा एका पूर्वजाच्या वहीत एखादी चुकीची ओळ घुसली, तर त्याच्या सगळ्या वंशजांच्या वहीत ती त्याच पानावर सापडते. दोन परक्या घरांत नेमकी तीच चूक नेमक्या त्याच जागी पडणं जवळपास अशक्य. म्हणून संशोधक सारख्या दिसणाऱ्या अवयवांपेक्षा वाटून घेतलेल्या चुकांवर जास्त भरवसा ठेवतात.

२००१ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एकाच अंकात दोन गटांचे लेख आले. त्यातल्या एकानं ६४ प्राण्यांच्या वह्या, जास्तीत जास्त ९,७७९ अक्षरांपर्यंत, शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. त्यातून वार (प्लॅसेंटा) असलेल्या सस्तनांच्या चार मोठ्या भावक्या निघाल्या. हत्ती गेला आफ्रिकेच्या भावकीत, मुंगीखाऊ आणि स्लॉथ दक्षिण अमेरिकेच्या. आणि खवल्या? तो येऊन बसला थेट मांसभक्षकांच्या शेजारी, म्हणजे मांजर, कुत्रा, अस्वल, तरस यांच्या बाजूला. २०१६ साली खवल्याची अख्खी जनुकीय वही वाचून झाली. दातांवरचं कवच बनवणारी जनुकं तिच्यात सापडली, पण मोडकी. पूर्वजांना दात होते, वंशजाला उरली ती खोडलेली ओळ.

थोडक्यात, ज्या नावाला पोरगं चूक म्हणतंय, ते नाव पंडितांच्या जुन्या वर्गवारीपेक्षा सत्याच्या जास्त जवळ निघालं. अर्थात हा योगायोग. आपल्या आज्यांनी काही जनुकं वाचली नव्हती. शिवाय खवल्याची आणि मांसभक्षकांची वाटणी होऊन सुमारे सात-आठ कोटी वर्षं झालीत, आणि त्याला मांजर जितकं जवळचं तितकंच कुत्रंही. 'खवल्या कुत्रं' म्हटलं असतं तरी नातं तेवढंच भरलं असतं.

बाकीच्या 'मांजरां'चं झटपट सांगतो. उदमांजर आणि जवादी हे दोघं खऱ्या मांजराच्याच फांदीवरचे, मुंगूस आणि तरसही तिथलेच. पाणमांजर मात्र कुत्र्याच्या फांदीवरचं.

आणि दाजीपूरला लोक गव्याला रानरेडा म्हणतात तेव्हा मला राहवत नाही. तो रेडा नव्हे, गाईच्या भावकीतला. तिथल्या अभयारण्याच्या जुन्या इंग्रजी नावात तर त्याला बायसन करून ठेवलं होतं, जो राहतो अमेरिकेत आणि युरोपात. 'गवा' या शब्दातच गो आहे, संस्कृतात त्याला गवय. इथं शब्द आणि जनुक दोघांचं एकमत असताना दुसरं नाव कशाला शोधायचं!

म्हणून बाई, नाव बदलू नका. पोराला 'आडनाव वेगळं, भावकी वेगळी' एवढं सांगा, बरोब्बर कळेल. नावं नात्याप्रमाणं दुरुस्त करायला बसलो तर पहिल्यांदा देवमासा जाईल आणि पाठोपाठ पाणघोडा, कारण या दोघांत मासाही नाही आणि घोडाही नाही. ते एकमेकांचेच सख्खे निघालेत. १९९९ साली जपानी संशोधकांनी वर सांगितलेल्या वाटून घेतलेल्या चुकांवरूनच ते दाखवलं. त्यांच्यानंतर जवळची घरं कुणाची, तर गाई-म्हशींची. घोडा सोडाच, डुक्करसुद्धा म्हशीला देवमाशापेक्षा लांबचं.

हे मी परवा कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर सांगितलं. समोर म्हैस उभी, हातात धारोष्ण दुधाचा ग्लास, बोलायचा मोह आवरला नाही. ओळखीचा दूधवाला धार काढता काढता म्हणाला, "म्हंजे देवमासा दूध बी देतोय?"

देतो की, म्हटलं, सस्तन आहे.

"फॅट किती लागतंय?"

म्हशीचं सातच्या आसपास, निळ्या देवमाशाचं पस्तीसच्या पुढं.

त्यानं धार थांबवली. जरा वेळ म्हशीकडं बघितलं, मग माझ्याकडं. फॅट झालं, दुधातला बाकीचा घन भाग राहिला होता. "आणि एसएनएफ?"