बॅग कधी भरू?

प्रश्न: ताई, घोडबंदर रोडला राहते, आठवा महिना संपत आलाय. सासूबाई म्हणतात बाळाचे कपडे आधी आणायचे नसतात, मग डिलिव्हरीला हॉस्पिटलमध्ये न्यायच्या बॅगेचं काय करू?

उत्तर: अगं ३६वा आठवडा लागला की भरूनच ठेव, पुढे कधीही कळा सुरू होतात आणि घोडबंदरचं ट्रॅफिक तुला मी काय सांगू! सगळ्यात वर फाइल, म्हणजे सोनोग्राफी, ब्लड ग्रुपचा रिपोर्ट, आधार, मेडिक्लेमचं कार्ड, बाकी काही राहिलं तर नवरा मागून आणेल पण ॲडमिशनला फाइल आधी लागते. पुढून उघडणारे गाऊन, मोठे मॅटर्निटी पॅड, चार्जर. आणि सासूबाईंशी वाद नको, नात्यातल्या बाळाची जुनी झबली-टोपडी-दुपटी मागून घे, स्वच्छ धुऊन उन्हात वाळव, नव्यापेक्षा मऊच असतात.