नऊ वेळा ‘पानी’

प्रिय,

तुझा प्रस्ताव दोनदा वाचला. पहिल्यांदा हार्बरच्या गाडीत, वडाळ्यापासून उभ्याने. दुसऱ्यांदा घरी, हातात पेन्सिल घेऊन. मानखुर्दची तुझी अभ्यासिका, संध्याकाळी सात ते नऊ, सहावी ते नववीची तीसेक मुलं, त्यांना ताई-दादा म्हणून जोडून दिलेली कॉलेजची पोरं आणि आठवड्यातून दोनदा लेखन. यावर पीएचडी करायची म्हणतेस. जरूर कर. पण अगं, चार पानांत ‘सकारात्मक परिणाम’ सात वेळा आलाय आणि अजून तू एकही गोष्ट मोजलेली नाहीस. निकाल लागलाय, परीक्षा व्हायचीय.

तुझा सगळा भर मुलांच्या अभिप्रायांवर आहे. ‘ताई आल्यापासून अभ्यास आवडायला लागला’ वगैरे. वाचून मलाही बरं वाटलं, म्हणूनच सावध करते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन गावांत १९३९ ते १९४५ असा एक मोठा प्रयोग झाला. ५०६ मुलगे, एकसारख्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि नाणेफेक करून जोडीतल्या एकाला समुपदेशक दिला. तो घरी यायचा, शिकवणी लावून द्यायचा, डॉक्टरकडे न्यायचा, उन्हाळी शिबिराला पाठवायचा. सरासरी पाच वर्षं हे चाललं. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधिकेने ती मुलं, म्हणजे आता मध्यमवयीन झालेले पुरुष, शोधून काढले. मदत मिळालेल्यांपैकी ज्यांनी उत्तर दिलं त्यांतले दोनतृतीयांश म्हणाले, आम्हाला फायदा झाला. आणि १९७८ साली तिने छापलेली आकडेवारी सांगत होती की ज्यांना मदत मिळाली ते न मिळालेल्यांपेक्षा कुठेच सरस नव्हते. काही बाबतींत, दारूपासून आजारपणापर्यंत, त्यांचं जास्तच बिघडलं होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रविवारचा एक वर्ग चालवत होते. आठवडाभर कुणाशी धड बोलले नव्हते.

म्हणून मुलांना जीव लावू नये असं नाही. ती देतात ते प्रेम घे. फक्त ते प्रकरण चारमध्ये ‘निष्कर्ष’ म्हणून बसवू नकोस.

आता तुझी ती कॉलेजची पोरं. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांचा २००२ सालचा अभ्यास आहे. मार्गदर्शक आणि मूल यांची जोडी वर्षभर किंवा जास्त टिकली तर मुलांना सगळ्यात जास्त लाभ दिसला. तीन महिन्यांच्या आत तुटली तर मुलांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षाही खाली गेला. म्हणजे अर्धवट येण्यापेक्षा न आलेलं बरं. मुंबईत हा आकडा अडचणीचा आहे. इथे खोलीचं अ‍ॅग्रीमेंटच अकरा महिन्यांचं. मूल दिव्याला नाहीतर नालासोपाऱ्याला राहायला जातं आणि तुला कळतं ते त्याची चप्पल दाराशी दिसत नाही तेव्हा. ते तुझ्या हातात नाही. पण एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) दोन वर्षांचे २४० तास भरायला येणारा दादा फेब्रुवारीत परीक्षेचं कारण सांगून गायब होतो, ते तुझ्या हातात आहे. जून ते पुढचा जून असा शब्द जो देत नाही, त्याला मुलाशी जोडू नकोस. त्याला पुस्तकांना कव्हरं घालायला लाव, टेबलफॅन दुरुस्त करून आणायला लाव. कामं पुष्कळ असतात.

(एका कॉलेजात मी साठ विद्यार्थ्यांची ‘मेंटॉर’ होते. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती यायच्या आधीच्या आठवड्यात मी त्या साठांच्या सह्या गोळा केल्या. त्यांतल्या चाळीस जणांची नावं मला त्या सहीवरूनच कळली. फाइल मात्र देखणी झाली होती.)

लेखनाकडे येते, कारण तुझ्या प्रस्तावातला खरा ऐवज तिथे आहे आणि तू त्याला जेमतेम अर्धं पान दिलंयस.

त्याच रविवारच्या वर्गात एक मुलगा होता. सातवीतला, जालन्याकडून आलेल्या घरातला. मी आधी ‘माझी आई’ दिलं होतं. बावीस वह्यांत एकच आई होती: प्रेमळ, पहाटे उठणारी, रागावली तरी माया करणारी. गाइडमधली. मग वैतागून मी म्हटलं, काल रात्री झोपल्यापासून उठेपर्यंत घरात काय काय झालं ते लिहा. या मुलाने पानभर लिहिलं. त्यातलं मला अजून आठवतं ते असं:

‘पानी साडेतीनला येतं. आधी पाइपात हवा येती मग पानी. आई मला हालवती. मी डरम धरतो. शेजारची म्हनती आमच्याकडं पानीच नाय. आई म्हनती लाव आमचा पाइप.’

मी काय केलं असेन? लाल पेन घेतलं. ‘पानी’ त्या पानात नऊ वेळा होतं, नऊही वेळा गोल केला. ‘येती’, ‘हालवती’, ‘नाय’, सगळं दुरुस्त केलं. खाली लिहिलं, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष दे.’ पुढच्या रविवारी त्याने निबंध आणला: ‘पाणी हेच जीवन’. पाणी हे जीवन आहे, पाण्याचा प्रत्येक थेंब मोलाचा आहे. त्यात एकही चूक नव्हती. वर्ष संपेपर्यंत त्याने मला पुन्हा कधीही साडेतीनचं पाणी दाखवलं नाही.

आधी हवा येते, मग पाणी. नळाशी रात्री उभं राहिल्याशिवाय हे वाक्य कुणाला सुचत नाही. ते मी वाचलंच नाही, तपासलं. आणि शुद्धलेखनाच्या बाजूनेही माझं निदान चुकलंच होतं. ‘पानी’, ‘म्हनती’, पुढे ‘कोनी’, ‘पन’: त्याच्या पानात कुठेही ण नव्हता, कारण त्याच्या घरच्या बोलीत तो नव्हता. म्हणजे नऊ चुका नव्हत्या, एक नियम होता आणि तो त्याने नऊ वेळा चोख पाळला होता. प्रमाण मराठीत इथे ण लिहितात, एवढं सांगायला दहा मिनिटं पुरली असती. गंमत म्हणजे हे कुणीतरी आधीच दाखवून ठेवलं होतं. १९७० साली न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने सगळ्यांना दारं उघडली आणि आधी कधी कॉलेजची पायरी न चढलेल्या घरांतली मुलं आली. मिना शॉनेसी या शिक्षिकेने तशा मुलांचे हजारो प्रवेशनिबंध वाचले आणि १९७७ साली मांडलं की या चुका आळसातून किंवा मठ्ठपणातून येत नाहीत, त्यांना स्वतःचं एक तर्कशास्त्र असतं. शिक्षकाने आधी ते शिकावं. मी तिला वाचलं ते त्या मुलानंतर बारा वर्षांनी.

तर तुझ्या वह्या तशा वाच. सरसकट नऊ वेळा ‘पानी’ लिहिणारं मूल वेगळं आणि एकाच पानात तीनदा ‘पाणी’, दोनदा ‘पानी’ लिहिणारं वेगळं. दुसरं मूल मधल्या पुलावर आहे. मार्क दोघांचे सारखेच येतील, आणि तुझ्या संशोधनाला हाच फरक हवाय. तुझ्याकडे घरी हिंदी-उर्दू बोलणारी मुलंही आहेत, त्यांच्या ‘माझा वही’चा हिशेब आणखी निराळा. ती चूक कुठून येते, तू बघ.

कच्चे खर्डे टाकू देऊ नकोस. फाडलेलं पानही उचल. मुलाने काय खोडलं आणि त्याजागी काय लिहिलं हे तुझ्या कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा जास्त बोलतं. बहुतेक मुलांच्या लेखी ‘पुन्हा लिही’ म्हणजे अक्षर नीट काढ. ज्या दिवशी एखादी मुलगी शेवटचं वाक्य उचलून पहिलं करते, त्या दिवसाची तारीख वहीवर टाक.

मोजायचं कसं? जूनचा एक निबंध आणि पुढच्या एप्रिलचा एक, तशाच विषयावरचा. नाव आणि तारीख झाकून झेरॉक्स काढ, सगळे एकत्र पिसून दोन शिक्षकांना दे. कुठला आधीचा, कुठला नंतरचा हे त्यांना कळता कामा नये. तू स्वतः तर तपासूच नकोस. दोघांचं किती जुळतं ते आधी पाहा, नाहीतर पुढचं सगळं वाळूवर. आणि फक्त सर्वांत कच्ची दहा मुलं निवडून ‘बघा, सुधारली’ म्हणू नकोस. जूनच्या चाचणीत तळाला असलेली मुलं डिसेंबरला थोडी वर येतातच, तू काही केलंस तरी आणि नाही केलंस तरी. त्या दिवशी कुणाला ताप होता, कुणाच्या घरी रात्रभर भांडण होतं. याला सरासरीकडे परतणं म्हणतात आणि या एका गोष्टीने किती प्रबंध पोकळ केलेत ते विचारू नकोस. तुझ्याकडे तुलनेला मुलं आहेत की: खोलीत जागा नाही म्हणून प्रतीक्षायादीवर ठेवलेली ती अठरा. त्यांचेही दोन निबंध घे. चिठ्ठ्या टाकून आत कोण, यादीवर कोण ठरवलं असतंस तर सोन्याहून पिवळं. यंदा जूनला तसंच कर, आणि यादीवरच्यांना पुढच्या वर्षी नक्की जागा, हे पालकांना आधीच सांग.

हे मोठ्या विद्यापीठांतलेच लोक करू शकतात असं समजू नकोस. याच मुंबईत पालिकेच्या शाळांमध्ये ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी झाल्या. वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या मुली, महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये, तिसरी-चौथीतली मागे पडलेली वीसेक मुलं रोज दोन तास वेगळी बसवून शिकवायच्या. मुंबई आणि बडोदा इथे शाळा चिठ्ठीने वाटून अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ते मोजलं आणि २००७ साली छापलं. दुसऱ्या वर्षी मुलांचे गुण ०.२८ प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) वाढले होते, जे अशा कामात बरंच म्हणायचं. लोक इथेच थांबतात. पुढची ओळ अशी की कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने तो फायदा ०.१ च्या आसपास उरला. मला ती दुसरी ओळ छापणाऱ्यांबद्दल जास्त आदर आहे. तुझ्याही प्रबंधात ती असू दे: एप्रिलनंतर वर्षभराने तिसरा निबंध.

केळुसकर गुरुजींपासून तू सुरुवात केलीयस. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा भीमराव आंबेडकर, १९०७ ला मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी दिलेलं बुद्धचरित्र. सुंदर आहे. पण तू पुस्तकाशी थांबलीस. पुढे सयाजीराव महाराजांची महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली त्यातही गुरुजींचा शब्द होता. पुस्तक आणि पंचवीस रुपये, दोन्ही. तुझ्या ताई-दादांच्या डायरीत ‘प्रेरणा दिली’ पुष्कळ वेळा आहे. जातीच्या दाखल्यासाठी कोण कुणाबरोबर तहसीलला गेलं, ते कुठेच नाही. तो रकाना वाढव.

आणि वस्तीचा विकास हा शब्द शीर्षकात आहे, आत नाही. १९८५ साली भायखळ्याच्या भागात स्पार्क या संस्थेने पदपथावर राहणाऱ्यांची गणती केली. त्याच वर्षी जुलैत सुप्रीम कोर्टाने ती घरं हटवायची पालिकेला मुभा दिली होती. मोजल्यावर दिसलं की ही माणसं वर्षानुवर्षं तिथेच राहताहेत आणि शहराचीच कामं करताहेत. मोजणी त्यांच्या हातात एक कागद देऊन गेली. तुझ्या मोजणीतून मानखुर्दच्या हातात काय जाणार? निदान एवढं कर: निष्कर्ष आधी अभ्यासिकेत, पालकांसमोर, मराठीत आणि हिंदीत वाचून दाखव, मग विद्यापीठात. कुणी ‘हे खोटं आहे’ म्हणालं तर ते तसंच नोंदव.

त्या वाचनासाठीच आत्ता सांभाळ. ‘आर., वडील रिक्षाचालक, तीन बहिणी, चौथा मजला’ असं लिहून नाव लपत नाही. इमारतीत सगळ्यांना कळतं आर. कोण. दोन-तीन तपशील बदल, किंवा गाळ. पालकांची सही घेतलीस तरी मुलालाही वेगळं विचार, आणि त्याची वही वापरायला तो नाही म्हणाला तर ती वही संपली. ती कितीही चांगली असली तरी. मला माहीत आहे, नेमकी तीच सगळ्यात चांगली असेल.

प्रस्तावाची घाई नको, मुदत महिनाअखेर आहे. गुरुवारी चारनंतर मी मोकळी आहे. प्रस्ताव घरी ठेव, पाच मुलांच्या वह्या घेऊन ये, खाडाखोड असलेल्या. चहा मी करते, लाल पेन माझ्या घरात नाही.

तुझी,
बाई

ता.क. : तो टेबलफॅन खरंच दुरुस्त करून घे. मागच्या खेपेला पोरं घामाने वहीची पानं भिजवत होती.