घाटात पावसाचा नि झऱ्यांचा अभ्यास सुरू करतोयस, तर...

आंबोलीच्या बाजूला काम करायचं ठरवलंयस, तर आधी पर्जन्यमापक बसव. झाडाखाली किंवा पागोळ्यांजवळ नको, मोकळ्यावर. नोंद रोज सकाळी ८.३० लाच घे. हवामान खात्याची वेळ तीच, म्हणजे आकडे ताडून बघता येतात. उपग्रहाची चित्रं नंतर बघ.

झऱ्यांना मात्र भरपूर वेळ दे. झरा पूर्वी कुठल्या महिन्यापर्यंत वाहायचा, हे वाडीतल्या आज्यांना विचार, पाणी त्यांनीच भरलंय. ‘शिमग्यापर्यंत’ म्हणाल्या तर तसंच लिही, तारखेसाठी मागे लागू नकोस. आणि ऐन पावसात झरा एकाएकी गढूळला, उतारावर नवी भेग दिसली, झाडं कलली, तर वही मिटून आधी वाडीला सांग. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातल्या तळियेत दरडीखाली अख्खी वाडी गेली.